शकला असता

हा खटला जिंकला, तर म्युनिकमधल्या त्या जुन्या वकिली फर्मच्या पितळी पाटीवर कोर्बिनियान झिस्टलचं नाव चढणार होतं. अठरा वर्षं तो त्या पाटीखालून आत-बाहेर करत होता. करायचं एवढंच होतं: अशील असलेल्या केबल कारखान्यासाठी डॉक्टर वालबुर्गा प्रोल यांचं केबलचं पेटंट पाडायचं. यात नवं काही नाही, हे कुणालाही सुचलं असतं, असं दाखवून द्यायचं.

युक्ती लाजिरवाणी वाटावी इतकी साधी होती. वीज अजिबात न अडवणारी ही केबल चालते द्रव नायट्रोजनच्या गारठ्यात, आणि गारठली की किलोमीटरमागे तीन मीटर आखडते. सगळे कारखाने टोकं आधी आवळत, मग केबल गार करत, आणि सांधे तुटले की कपाळाला हात लावत. प्रोलबाईंनी ती आधी गार केली, हवी तेवढी आखडू दिली, आणि मग आवळली.

सुनावणीत झिस्टलने दोन जुने कागद पुढे सरकवले. "एकात आवळणं आहे, दुसऱ्यात आखडणं. कसलेला कारागीर दोन्ही जोडू शकला असता."

सुनावणी घेणाऱ्या मंडळाच्या अध्यक्षबाईंनी चष्म्यावरून पाहिलं. "शकला असता, की जोडलंच असतं, झिस्टलसाहेब? शकायला काय, मीही ऑपेरात गाऊ शकले असते. नुसत्या शकण्याने पेटंट पडत नाही."

कायद्यातला हा कारागीर मोठा मजेशीर प्राणी. जगातलं सगळं वाचलेला, पण स्वतःची कल्पना लढवायची त्याला मनाई. 'जोडलंच असतं' हे शब्द झिस्टलच्या ओठांवर आले होते, तोच त्याच्याच अशिलाचे मुख्य अभियंता लोइब्ल शेजारी पुटपुटले. चाळीस वर्षं यंत्रांच्या खडखडाटात काढलेल्या माणसाचं पुटपुटणं. अख्ख्या दालनाने ऐकलं.

"कसलं जोडतोय! सहा वर्षं आवळतच बसलो आम्ही. गार टोकांना हात लावायचा नाही, हा आमचा नियमच. त्या दुसऱ्या कागदातही तेच छापलंय की!"

छापलं होतं, पान चारवर. झिस्टलला ते पहिल्या दिवसापासून माहीत होतं. ते पान कुणी उलटू नये, एवढीच त्याची आशा होती. त्याने समोर पाहिलं. प्रोलबाई टिपण काढत होत्या, आणि पेन धरलेल्या दोन बोटांची टोकं पांढरीफटक, मेलेली होती. नियम मोडून गार टोकांना कुणीतरी हात लावला होता तर.

"शकला असता," झिस्टल म्हणाला. "त्यापुढे मी जाणार नाही."

पेटंट टिकलं. जिन्यात लोइब्लांनी प्रोलबाईंना गाठलं. "बाई, सहा वर्षं आधी कुठे होतात हो?"

"गारठ्यात," त्या म्हणाल्या.

अशिलाला आता त्यांच्याकडून परवाना घ्यावा लागला. झिस्टलच्या हातून पाटी गेली. आणि प्रोलबाईंनी आपला वाटा सगळ्यांच्या आधीच चुकता केला होता, बोटांच्या दोन पेरांनी.