उकळलेला पाचू

सगळी गल्ली त्यांना घासूबाई म्हणे. सूनसुद्धा, अर्थात पाठीमागे. भांडं असो, नळ असो, नाहीतर दाराची कडी, दिसलं की घासलं. त्यामुळे सून कामानिमित्त परगावी गेली आणि तिचं पदक कपाटात मळकट दिसलं, तेव्हा घासूबाईंचे हात शिवशिवले यात नवल नव्हतं.

पदक साधंसुधं नव्हतं. सुनेची थोरली बहीण, म्हणजे ताई, दागिने घडवायची, तिने ते लग्नात दिलं होतं. मोहरीहून बारीक सोन्याचे कण, जोडायला दुसरा धातू न वापरता, फार जुन्या काळच्या रीतीने नुसत्या आचेवर एकेक बसवलेले. मधोमध नखाएवढा, गर्द हिरवा पाचू.

घासूबाईंनी पातेल्यात पाणी उकळलं, मूठभर सोडा घातला आणि पदक आत सोडलं. जरा वेळाने चिमट्याने वर काढलं. सोनं असं झळाळलं की डोळे दिपले. मग नजर पाचूवर गेली आणि चिमटा हातातून गळून पडला.

हिरवेपणा उडाला होता. दगडाच्या पोटात पांढऱ्या भेगांचं जाळं पसरलं होतं.

घासूबाई होत्या तिथेच फरशीवर बसल्या.

"काय पडलं गं?" आतून नवऱ्याने विचारलं.

"काही नाही, दूध उतू गेलं." घरात दुधाचा थेंब नव्हता.

पदक रुमालात गुंडाळून त्या थेट ताईच्या कारखान्यात गेल्या. खोली एवढीशी, पण खिडकीपाशी मांडणी नेटकी. ताई कानशीने एक कडी घासत होती.

"ताई, माझ्या हातून वाटोळं झालं गं. सोड्यात उकळलं मी. बोल काय बोलायचं ते. फक्त तुझ्या बहिणीच्या कानावर तू घाल, माझी जीभ रेटणार नाही."

ताईने पदक भिंगाखाली धरलं. घासूबाई मान खाली घालून बोलणी खायला उभ्या राहिल्या. बोलणी आलीच नाहीत. वर पाहिलं तर ताईचाच चेहरा पांढराफटक.

"काकू, हा तुम्ही नाही बिघडवलात. भेगा आधीपासूनच होत्या. कोणीतरी हिरवं तेल मुरवून त्या झाकल्या होत्या. सोड्याने ते धुऊन निघालं." तिने भिंग खाली ठेवलं. "व्यापाऱ्याकडून बिनतेलाचा, निर्दोष म्हणून घेतला होता मी. इतकी वर्षं या कामात आहे, आणि मला कळलं नाही."

घासूबाईंना हायसं वाटायला हवं होतं. वाटलं नाही. "म्हणजे तुला फसवलं कोणी?"

ताईने कपाटातून एक पुडी काढली. त्याच व्यापाऱ्याकडचे उरलेले खडे. "काकू, कोपऱ्यावरून सोडा आणता?"

दोघी शेगडीपाशी उभ्या राहिल्या. एकेक खडा पाण्यात गेला आणि निस्तेज होऊन वर आला. शेवटचा तेवढा हिरवा राहिला. त्याच्याकडे कोणी पाहिलंसुद्धा नाही.

"यातले किती बसवून दिलेस?" घासूबाईंनी हळूच विचारलं.

"बरेच. एका बाईंचा तर अख्खा हार."

"मग आता?"

ताईने आधी बहिणीला फोन लावला. सगळं ऐकून ती म्हणाली, "आईंनी उकळलं? आणि कण?"

"एकही निखळला नाही."

"मग दगड बदलू नकोस, पदक तसंच ठेव गं. तू रडतेयस का?"

ताईने डोळे पुसले, फोन ठेवला आणि लगेच हारवाल्या बाईंचा नंबर लावला. घासूबाईंनी स्टूल ओढून तिच्या शेजारी बूड टेकलं.

"तुमच्या हारातले पाचू खरे आहेत, पण तडकलेले असणार," ताई म्हणाली. "माझी चूक आहे. परत घेते."

पलीकडून आवाज आला, "उद्या घेऊन येते."

"आजच या," ताई म्हणाली, "तोपर्यंत मला दुसरं काही सुचायचं नाही."