मूठभर कोंडा

मी इंग्रजी शिकवतो, म्हणून गावातली सगळी इंग्रजी लफडी माझ्याच गळ्यात पडतात. रिसोडच्या अनाथालयात स्वीडनचं जोडपं येणार म्हटल्यावर अधीक्षक जगदेवराव सकाळीच माझ्या दारात हजर. "गुरुजी, इज्जतीचा सवाल हाये!" त्या इज्जतीला त्यांनी आदल्या दिवशीच चुना मारून घेतला होता. तो इतका ओला, की पाहुणा साहेब भिंतीला टेकला आणि दिवसभर पाठीवर आमची संस्था घेऊन फिरला.

या जोडप्यानं इथली चार वर्षांची मुलगी दत्तक घेतली होती. कागदोपत्री तिचं नाव उषा. तिला नागपूरच्या दत्तक देणाऱ्या संस्थेत नेऊन काही महिने झाले होते, कोर्टाचा हुकूमही मिळाला होता, आता दोन-चार दिवसांत विमानात बसायचं. पण नव्या आईला, बिर्गिताबाईंना, पोर वाढली ती जागा बघायची होती.

पाहुण्यांची जीप थांबली तसं जगदेवरावांनी भाषण सुरू केलं. पोर जीपमधून उतरली ती त्यांना ओलांडून थेट स्वयंपाकघरात गेली आणि पंचफुलाबाईच्या कडेवर चढली. पंचफुलाबाई इथली स्वयंपाकीण. नवरा नाही, मूलबाळ नाही, जीभ मात्र चार घरांना पुरेल एवढी.

"आली का माही कोंडी!" ती म्हणाली. मग चहा झाला, केळी झाली, निघायची वेळ झाली, तरी पंचफुलाबाई पोर खाली ठेवेना.

"पंचफुले, दे त्याहिची पोरगी," जगदेवराव म्हणाले.

"त्याहिची कायची? म्या इकत घेतली हाये तिले. त्याहिनं कवा घेतली?"

जगदेवरावांचं तोंड भिंतीसारखं पांढरं झालं. मला मजा वाटायला लागली.

गोष्ट खरी होती. पोर इथं आली तेव्हा महिन्याची होती, तापानं फणफणलेली. डॉक्टरांनी हात टेकले, तेव्हा पंचफुलाबाईनं आपल्याकडचा जुना उपाय केला. झाडूवाल्या विमलबाईच्या ओटीत पोर टाकली आणि मूठभर कोंडा देऊन तिच्याकडून विकत घेतली. कोंड्याच्या मोलाच्या पोरीकडे मरण ढुंकून बघत नाही, असं आपली माणसं मानतात. पोर जगली आणि नाव पडलं कोंडी.

"फुकट नेली तं सौदा मोडते, गुरुजी. मंग तिकडं तिले काई झालं तं? तिकडं कोन हाये तिचं?" पंचफुलाबाईचा आवाज फाटला.

"गुरुजी, हे इंग्रजीत सांगू नका!" जगदेवरावांनी माझा दंड धरला. "पोरीच्या बदल्यात काई देल्लं-घेतलं नाई, असं कोर्टात लिहून देल्लं हाये!"

मला संताप आला. कोंड्याची कसली आली लाच! मी दंड सोडवला आणि सगळं जसंच्या तसं सांगितलं. फक्त कोंड्याला इंग्रजीत काय म्हणतात ते काही केल्या आठवेना. शेवटी 'म्हशीचं खाणं' म्हणालो. बिर्गिताबाईंनी नवऱ्याकडे पाहिलं. तो टाय सावरत रस्ता ओलांडून समोरच्या भाऊसिंगच्या गोठ्यात शिरला. मागोमाग मी.

"काहून बाप्पा," कोंड्याचा डबा काढून देत भाऊसिंग मला म्हणाला, "याहिच्या मुलखात दुष्काळ पडला काय?"

बिर्गिताबाईंनी डब्यातून ओंजळ भरून पंचफुलाबाईच्या पदरात ओतली. पंचफुलाबाईनं त्यातला मूठभर ठेवला आणि उरलेला डब्यात परत टाकला.

"म्या मूठभरच देल्ला होता. लेकरावर नफा कायले खाऊ?"

हेही मी इंग्रजीत सांगितलं. बिर्गिताबाई रडायला लागल्या. मलाही रडू आलं. डोळ्यात चुना गेला म्हणायला तिथं चुना भरपूर होता, पण म्हणालो नाही.

"घ्या, तुमची हाये आता," पंचफुलाबाई म्हणाली. पोर लुगडं धरून किंचाळली. पंचफुलाबाईनं तिची बोटं सोडवली, तिला बिर्गिताबाईंच्या कडेवर दिलं आणि तोंड फिरवलं. जीप गेली.

जगदेवरावांनी घाम पुसला. "आता तो कोंडा टाक म्हशीपुढं. कोनी पाह्यला तं नसती आफत."

पंचफुलाबाईनं पदराच्या टोकाला घट्ट गाठ मारली.

"टाकू? अन् उद्या ते आले, म्हनले, नाई जमत बाई, घे तुही पोरगी परत. तं मंग तिले काय देऊन घेऊ?"