गल्लीची जुनी रुंदी

भिंगरीचं आणि इतिहासाचं कधी जमलंच नाही. सनावळ्या संध्याकाळी पाठ, सकाळी पाटी कोरी. तिची आई घरीच कपडे शिवायची. एक दिवस आईनं इतिहासाचं पुस्तक मिटलं आणि वाचनालयातून आपल्याच गावाच्या शंभरेक वर्षांपूर्वीच्या नकाशाची प्रत आणली.

"हा चौक. आता आपली गल्ली शोध."

भिंगरी पालथी पडून शोधू लागली. स्टेशनच्या जागी तळं निघालं, शाळेच्या जागी तबेला.

"म्हणजे आमच्या बाई घोड्याच्या जागी बसतात?"

झालं! पोरीला नादच लागला. शिवणाची टेप आणि नकाशा घेऊन मायलेकी गल्लीत हिंडू लागल्या.

आणि इथंच माशी शिंकली, कारण भिंगरीचे बाबा नगरपालिकेत कारकून होते.

"वहिनी, टेप कशाला लावताय?" समोरच्या दुकानातून चष्मेवाले काका बाहेर आले.

"मुलीचा अभ्यास."

"अस्सं. अभ्यास." नाणं खोटं आहे का ते वाजवून बघावं, तसा त्यांनी तो शब्द उच्चारला.

दोन दिवसांत गल्लीभर झालं: रस्ता रुंद होणार, घरं पडणार, कारकुनाला आधीच कळलंय. भिंगरीची आई दिसली की बोलणारी माणसं गप्प व्हायची. शेजारची मैत्रीण खेळायला येईना. बाबांना तर ऑफिसच्या वाटेवरच तिघांनी गाठलं. घरी आल्यावर त्यांनीही आईला विचारलं, "तुला कुणी मोजायला सांगितलंय का? खरं सांग."

आईचा घास हातातच राहिला. "तुम्हीसुद्धा?"

मग तिच्याही मनात पाल चुकचुकली. कर नाही त्याला डर कशाला? नुसत्या टेपला माणसं एवढी का भितात? तिनं नकाशाचं प्रमाण घेऊन हिशेब मांडला. पूर्वी या गल्लीतून दोन गाड्या एकमेकींच्या शेजारून जात असणार. आता एक गाडी आली की माणसानं भिंतीला चिकटायचं.

"आई, चष्मेवाल्यांचं अर्धं दुकान रस्त्यात आहे!" भिंगरी ओरडली. मग तिची पेन्सिल अलीकडे सरकली आणि थांबली. "आणि आपलं अख्खं स्वयंपाकघर."

ते आजोबांनी, म्हणजे आईच्या सासऱ्यांनी बांधलं होतं.

"आजोबांनी चोरी केली?"

आईनं टेप गुंडाळून ठेवली. "रस्त्याची जागा घेतली," ती म्हणाली. "चूक ती चूकच."

त्याच संध्याकाळी चष्मेवाले दारात उभे राहिले. "तो कागद द्या. जाळून टाकू. सगळ्यांच्याच भल्याचं आहे."

बाबांचा हात नकाशाकडे गेलाही. आईनं तो आधीच उचलला. "जाळून काय होणार? मूळ नकाशा वाचनालयात आहे. बसा, दाखवते." आणि तिनं आधी स्वतःच्या स्वयंपाकघरावर बोट ठेवलं.

काका वाकले. "तुमचं आमच्यापेक्षा पुढं आलंय की!" त्यांचा चेहरा जरा सैलावला.

"काका, तुमचं दुकान पुढं कुणी आणलं?" भिंगरीनं विचारलं.

"आमच्या वडिलांनी. का, तर शेजाऱ्यानं पायऱ्या वाढवल्या म्हणून."

"आणि त्यानं का वाढवल्या?"

काका बोलायला गेले आणि थबकले. "त्याला वाटलं, आम्हीच आधी पुढं सरकणार." त्यांनी चष्मा काढून पुसला. "तेव्हा आमच्या मनात तसलं काही नव्हतं गं."

भिंगरीनं हेही नकाशाच्या कडेला लिहून घेतलं. सनावळी न विचारता.

जाताना काका दारात वळले. "पण खरंच रस्ता होणार नाही ना?"

"मला कोण सांगतंय, काका!" बाबा म्हणाले.

काकांनी तिघांकडे आळीपाळीनं पाहिलं आणि चपला घातल्या.

दुसऱ्या दिवशी मैत्रीण खेळायला आली. आल्या आल्या भिंगरीच्या कानात म्हणाली, "आईनं सांगितलंय, आमचं घर किती पुढं आलंय तेवढं बघून ये."