ड्रम्स : राजरत्न

“एकच ठोका द्या,” स्टुडिओच्या काचेपलीकडून रेकॉर्डिंगवाले लालासाहेब म्हणाले. “वाजवायचं न्हाई. निस्ता ठोका.”

मी स्नेअर ड्रमवर एक ठोका दिला. त्यांनी पुढ्यातल्या कॉम्प्युटरवर काहीतरी दाबलं आणि आता जरा जोरात द्या म्हणाले. मग त्याहून जोरात. मग हळू, मग काठाला लावून. स्नेअर झाल्यावर पायाचा मोठा ड्रम, मग तिन्ही टॉम, मग झांजा एकेक करून. दीड तास मी असे सुटे ठोके देत होतो. मला वाटलं, माइक नीट लावताहेत. चार महिने ज्याची तयारी केली ते वाजवायला आता सांगतील, म्हणून मी घाम पुसून मनगटं मोकळी करत बसलो. तर लालासाहेब बाहेर आले आणि म्हणाले, “झालं तुमचं काम. लय साफ आवाज हाय.”

म्हणजे काय झालं, हे विचारायला मी आमच्या बँडच्या धैर्यशीलकडे पाहिलं. तो गिटारच्या तारा लावण्यात एकदम गुंतून गेला. आधी गिटारचं उरकून घेऊ, तुझं मग बघू, निरोप देतो, एवढंच खाली बघून म्हणाला. आणि मी मूर्ख, मला तेही पटलं. साताऱ्याहून दुपारची एसटी धरली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी कुपवाडला कामावर हजर झालो.

ही सत्त्याण्णवच्या डिसेंबरातली गोष्ट. सांगलीजवळ कुपवाडच्या एका कारखान्यात मी पॉवर प्रेस चालवतो. पत्रा सरकवायचा, पायानं पेडल दाबायचं, पुन्हा पत्रा सरकवायचा. दिवसातून दोन-अडीच हजार वेळा. लग्नसराईत धोंडीबा मास्तरांच्या ब्रास बँडमध्ये साइड ड्रम वाजवतो. अशाच एका वरातीत मला सांगलीच्या इंजिनिअरिंग कॉलेजातल्या दोघांनी पाहिलं. धैर्यशील हा वाळव्याकडच्या बागायतदाराचा मुलगा, गिटार वाजवायचा. कृष्णात त्याचा वर्गमित्र, तो गायचा, म्हणजे ओरडायचा. त्यांना मेटल, म्हणजे कानठळ्या बसवणारं रॉक वाजवायचं होतं, आणि इतक्या जोरात, इतका वेळ वाजवणारा ड्रमर त्यांच्या साऱ्या कॉलेजात नव्हता.

मला ते संगीत पहिल्याच दिवशी आवडलं. माझा जन्म कोयनानगरच्या वसाहतीतला. वडील धरणावर हेल्पर होते. तिथं भूकंपाचे बारीक धक्के घरातल्या माणसासारखे येऊन जात. ताटातली आमटी हलायची आणि आम्ही जेवत राहायचो. जमिनीच्या पोटातून येणारा तो आवाज मला पुन्हा सापडला तो या गाण्यांत. या गाण्यांत पायाच्या ड्रमला दोन्ही पाय लागतात. उजवा पाय प्रेसनं तयार करून दिलेलाच होता. डाव्यासाठी मी भंगारातल्या पट्ट्या आणि स्प्रिंगा जोडून दुसरं पेडल बनवलं आणि आठ महिने तो पाय शिकवला.

आईला मात्र माझं वाजवणं कधी खपलं नाही. आम्ही मूळचे जतकडचे. माझा आजा गावात हलगी वाजवायचा. वाजवायचा म्हणजे त्याला वाजवावी लागायची. लग्न असो की मढं, सांगावा आला की उठायचं, वाजवायचं, आणि वाजवून झालं की मांडवाबाहेर बसायचं. छप्पन साली धम्म घेतला, त्याच आठवड्यात त्यानं हलगीचं कातडं कोयत्यानं फाडलं. आईनं हे सासऱ्याच्या तोंडून ऐकलेलं. त्यांनी जे टाकलं ते तू उचललंस, असं ती म्हणायची, आणि तिनं एकदाही मला वाजवताना पाहिलं नाही. मी तिला समजावायचो की हे वेगळं आहे, इथं मला कुणी हुकूम सोडत नाही, मी माझं वाजवतो; कॅसेट निघाली की बघ, माझं नाव छापून येईल.

छापून आलं. फेब्रुवारीत कृष्णात घरी आला, दारातच कॅसेट हातात दिली आणि चहालाही थांबला नाही. माझ्या बायकोनं, आम्रपालीनं, कव्हरवरचं मोठ्यानं वाचलं, “ड्रम्स : राजरत्न.” आईनं ते कव्हर घेतलं, पदरानं पुसलं आणि बाबासाहेबांच्या तसबिरीखालच्या फळीवर ठेवलं. सत्तावीस वर्षांत माझी एवढी एकच गोष्ट त्या फळीवर गेली असेल.

मी कॅसेट टेपमध्ये घातली आणि पहिल्या चार ठोक्यांनंतर आवाज वाढवला. स्नेअर माझा होता. त्याच्या खालच्या कातड्याला मी चिकटपट्टी लावतो, त्यानं येणारा दबका सूर मी कुठंही ओळखीन. पण वाजवणं माझं नव्हतं. प्रत्येक ठोका आधीच्या ठोक्यासारखा, नव्हे, तोच. साताऱ्यात मी दिलेले सुटे ठोके त्यांनी यंत्रात भरून घेतले होते आणि यंत्राला त्यांची गाणी लावून दिली होती. दुसऱ्या गाण्यात तर दोन्ही हात टॉमवर धावताहेत आणि वर झांज चालूच आहे. मी मांडीवर उशी घेतली, काठ्या घेतल्या आणि तेवढा तुकडा आम्रपालीसमोर वाजवून बघितला. पुन्हा बघितला. ती हसून म्हणाली, “आवं, मग ह्यो तिसरा हात कुणाचा?” माझं तोंड बघितलं आणि तिचं हसू गेलं.

ज्यानं कुणी ते यंत्रात भरलं त्याला ड्रमरला हात किती असतात एवढंही बघावंसं वाटलं नव्हतं. राग त्याचा नव्हता. हरामखोरांनी माझ्याकडून ठोके घेतले आणि मला बाहेर बसवलं, याचा होता.

चार दिवसांनी धोंडीबा मास्तरांनी कॅसेट ऐकायला मागितली. साठीचा माणूस, मेटल जन्मात ऐकलेलं नाही. टेपला कान लावून त्यांनी एक गाणं पुरतं ऐकलं आणि टेप बंद केला.

“ह्यात तू कुटं हाईस रं?” त्यांनी विचारलं.

मी सरळ सायकल काढून कॉलेजच्या कँटीनला गेलो. धैर्यशील मिसळ खात होता. मी बोललो तर तो उलट माझ्यावरच उखडला.

“आवाज तुजाच हाय की. नाव बी तुजंच टाकलंय. आजून काय पायजे तुला?”

“मी ठोकं दिलं. वाजवलं कुटं?”

“वाजवलं आसतंस तर शेवटच्या गाण्यात ढिला पडला आसतास. दर टायमाला पडतोस. मशीन न्हाई पडत, गड्या.”

हे खरं होतं, म्हणून जास्त झोंबलं. ते गाणं सहा मिनिटांचं, आणि चौथ्या मिनिटानंतर माझा डावा पाय जड व्हायचा. मग तसं तोंडावर सांगायचं. दहा वेळा वाजवून घ्यायचं, नाहीतर दुसरा ड्रमर शोधायचा. त्यातलं काही केलं नाही. माझे हातपाय नकोत, आवाज तेवढा हवा, आणि ऐकणाऱ्याला माणूस वाजवतोय असं वाटावं म्हणून वर माझं नावही हवं. बाहेर सगळे असंच करतात, असं त्यानं मला सुनावलं. हे बाहेर म्हणजे कुठं, देव जाणे. नाव काढून टाक म्हणालो, तर तीनशे कव्हरं छापून झालीत म्हणाला. आणि मिसळीत पाव बुडवत त्यानं पुढचं सांगितलं, की येत्या शनिवारी गॅदरिंगमध्ये आपला कार्यक्रम आहे, मागून ड्रमची तेवढी कॅसेट लावू, तू ड्रमवर बसून नुसते हात हलव, कुणाला कळतंय.

ते ताट उचलून त्याच्या डोक्यावर घालावं असं मला वाटलं. घातलं नाही. एवढ्या पोरांत कुपवाडच्या कामगारानं हात उचलला असता तर त्याचंच खरं झालं असतं.

घरी आलो आणि फळीवरचं कव्हर काढून घेतलं. आई ज्वारी निवडत होती. तिनं विचारलं म्हणून सगळं सांगितलं. ठोके, यंत्र, तो तिसरा हात, कँटीनमधलं बोलणं. मला वाटलं, मी सांगत नव्हते का, असं म्हणून ती मोकळी होईल. ती सुपातले खडे वेचत राहिली.

“खोटं नाव हितं ठिवायचं न्हाई, बरं केलंस काडलंस त्ये,” शेवटी ती म्हणाली. “पर तुला येतंय का न्हाई वाजवाय?”

“येतंय.”

“समदं?”

“शेवटचं जरा जड जातंय.”

“मग जाऊन खरं वाजीव. मी येती ऐकाय.”

शनिवारी दुपारी चारला कॉलेजचा हॉल भरला. आई पांढरं पातळ नेसून आली होती आणि आम्रपालीबरोबर पहिल्या रांगेत बसली होती. बाजूच्या टेबलाशी कॅसेट लावायला साताऱ्याहून खास लालासाहेब आले होते. मी ड्रमवर बसलो, काठ्या खाली ठेवल्या आणि दोन्ही हात मांड्यांवर ठेवले.

गाणं सुरू झालं. माझ्या पाठीमागच्या कर्ण्यांतून माझे ठोके धडाडायला लागले आणि मी समोर बघत बसून राहिलो. आधी पोरांना ती गंमत वाटली. मग मागच्या रांगांतून शिट्ट्या आल्या, हाताला लकवा झालाय काय, असं कुणीतरी ओरडलं. धैर्यशीलनं वळून आईवरून शिवी दिली, ती आवाजात बुडाली, पण ओठांवरून कळली. दुसऱ्या गाण्यात तो तीन हातांचा तुकडा आला, तेव्हा मी माझे दोन हात वर करून सगळ्यांना दाखवले आणि पुन्हा मांड्यांवर ठेवले. हॉल हसला. कोणाला हसला, ते मला कळलं नाही. कृष्णातनं मात्र ओळ अर्ध्यात सोडली. त्यानं माइक खाली केला आणि लालासाहेबांना हात करून कॅसेट बंद करायला लावली.

मी काठ्या उचलल्या आणि शेवटचं गाणं सुरू केलं. धैर्यशीलनं गिटारची वायर उपसली आणि स्टेज उतरून गेला. गिटार नाही, गाणं नाही, नुसता मी. रागात पहिली तीन मिनिटं कुठं गेली कळलं नाही. माझ्या आयुष्यात मी इतकं साफ कधी वाजवलं नव्हतं. काही पोरं उठून धैर्यशीलच्या मागे बाहेर गेली, काही पुढं सरकली. लालासाहेब टेबलाशी उभे राहून ऐकत होते.

चौथ्या मिनिटाला डावा पाय जड झाला. लय मागं पडली, आणि ज्याला त्यातलं काहीच कळत नव्हतं त्यालाही ते कळलं. मागं कुणीतरी खिदळलं. आई खुर्चीत पुढं वाकून माझ्या पायांकडे बघत होती. मी पाय उचलत राहिलो आणि त्याच ढिल्या लयीत गाणं शेवटपर्यंत नेलं.