काजळावरच्या चार रेघा

साल होतं २०१९, फेब्रुवारीचा दुसरा आठवडा. दुबईपासून तासाभरावर, उम्म अल कुवैनच्या औद्योगिक भागापलीकडे एक खाजगी नेमबाजी क्लब होता. तिथल्या मागच्या कुलूपबंद खोलीत विभावरी घांग्रेकर सभासदांच्या रायफलींसाठी काडतुसं भरत असे. परवाना क्लबचा, हात तिचे. पुण्याजवळच्या एका दारूगोळा कारखान्यात तिनं अठरा वर्षं तपासनीस म्हणून काढली होती. मग नवऱ्याच्या, सुरेशच्या, नोकरीपायी ती इकडे आली. सुरेश जाऊन चार वर्षं झाली होती आणि आता तिचा व्हिसा याच नोकरीवर होता.

ती दोन दिवस रजेवर गेली, तेवढ्यात नवा मॅनेजर सुजीत यानं स्वतः बसून दोनशे काडतुसं भरली. शुक्रवारी मॅच होती. मंगळवारी सकाळी तो कागद घेऊन तिच्या टेबलाशी उभा राहिला.

“काकू, एकेक पीस मेझर केलाय. एकाहत्तर मिलिमीटर, एक्झॅक्ट, चार्टप्रमाणे. सही करा, यल्ला, चटकन.”

विभावरीनं एक काडतूस उचलून उजेडात फिरवलं. “गोळी नव्या कंपनीची दिसते.”

“स्वस्त पडली. वजन सेम, लांबी सेम.”

“खांदे जाड आहेत हिचे.”

“खांदे?” सुजीत हसला. “काकू, शर्ट शिवायचाय का तिला?”

“तू टोकापासून बुडापर्यंत मोजलंस. नळीत टोक कुठेच टेकत नाही रे, टोकाखाली गोळी जाड होते ना, तो खांदा टेकतो. हिचा खांदा पुढे आलाय.”

“डिजिटल कॅलिपर आहे हा, साडेचारशे दिरहॅमचा. जवळजवळ नऊ हजार रुपये! तो काय खोटं बोलेल?”

“तो बरोबरच सांगतोय. तू त्याला भलतंच विचारतोयस.”

सुजीतचं हसू मावळलं. “सही नसेल तर मला एचआरला लिहावं लागेल. जूनमध्ये तुमचं रिन्युअल आहे. विचार करा.”

दुबईच्या करामा भागातलं दोन खोल्यांचं घर, खिडकीतली तुळस, नुकतीच बँकेत लागलेली लेक दिया, सगळं एका क्षणात विभावरीच्या डोळ्यांपुढून गेलं. तिनं पेनाला टोपण लावलं.

“लिही. मराठीत लिहिणार असलास तर शुद्धलेखन तपासून देते.”

तेवढ्यात दारात हम्माद उभा राहिला. क्लबचा सर्वांत जुना सभासद, सत्तरीचा. शुक्रवारची ती दोनशे काडतुसं त्याच्याच रायफलीसाठी होती. लेकीच्या नावावरून तो विभावरीला ‘उम्म दिया’, म्हणजे दियाची आई, म्हणायचा.

“उम्म दिया, किस बात का झगड़ा?”

“दो मिनट रायफल दीजिए.”

हम्मादनं नळीमागची खिट्टी, बोल्ट, उघडून रायफल रिकामी असल्याचं दाखवलं. तिनं दारू नसलेलं एक पितळी नळकांडं घेतलं, त्यात नवी गोळी बसवली आणि कॅलिपर सुजीतच्या हातात दिला.

“वाच.”

“एकाहत्तर.”

मग तिनं पर्समधून काजळाची डबी काढली. कारखान्यात साहेब लोक गोळीवर मेणबत्तीची काजळी धरत. बायका आपापली डबी उघडत; ते काजळ जास्त नीट बसायचं. तिनं बोटानं गोळी काळी केली, ती रायफलीत सरकवली आणि बोल्ट हळूच मिटला.

शेवटी शेवटी हात जड झाला. हम्मादच्या ते लक्षात आलं.

गोळी बाहेर आली तेव्हा काजळावर चार चकचकीत रेघा होत्या, चारी बाजूंना सारख्या अंतरावर.

“नळीतल्या खाचांच्या कडांनी ओरबाडलंय. गोळी सुटायच्या आधीच तिथे रुतून बसते,” विभावरी म्हणाली. “दारू पेटली की आतला दाब किती चढेल, ते तुझ्या चार्टमध्ये नाही. आणि हम्मादसाहेबांचा गाल इथे असतो.” तिनं बोल्टच्या मागे बोट टेकवलं. दस्त्याच्या लाकडावर काळा ठिपका उमटला.

नंतर तिनं जुन्या कंपनीची गोळी तशीच बसवली, एकाहत्तरवरच. बाहेर आली तेव्हा काजळ जसंच्या तसं.

सुजीतचा चेहरा पडला होता, पण हेका सुटेना. “सेफ्टी मार्जिन असतंच. मॅचला तीन दिवस उरलेत. द्या इकडे, मीच सही करतो.”

“कर,” हम्माद शांतपणे म्हणाला आणि रायफल त्याच्यापुढे धरली. “लेकिन पहली गोली तू चलाएगा. मैं पीछे खड़ा रहूँगा.”

सुजीतनं रायफलीकडे पाहिलं, मग कागदाकडे. त्याचा हात कशालाच लागला नाही.

“खलास,” म्हणून हम्माद निघून गेला.

दोनशेच्या दोनशे काडतुसं विभावरीनं त्या दुपारी एकेक करून उकलली.

शुक्रवारी हम्माद जुन्या गोळ्यांनी खेळला, तिसरा आला आणि वाऱ्याला शिव्या देत घरी गेला. २०२३ साली तो वारला; रमझानमध्ये त्याचा मुलगा अजून ‘उम्म दिया’ लिहिलेला खजुरांचा डबा पाठवतो. सुजीत वर्षभरानं शारजातल्या एका फर्निचरच्या शोरूममध्ये गेला. दिवाळीला त्याचा मेसेज येतो, त्या मंगळवारबद्दल मात्र अक्षर नसतं.

विभावरीचं रिन्युअल जूनमध्ये आलं नाही. पत्रात कारण होतं ‘पुनर्रचना’. सही नसलेला तो कागद तिनं टेबलाच्या खणातून काढून पर्समध्ये घातला आणि बस पकडली. पुढे दियानं आईला आपल्या व्हिसावर घेतलं.

“ममा, यू आर माय डिपेंडंट नाऊ,” दिया चिडवत म्हणाली.

“कागदावर,” विभावरी म्हणाली आणि आरशापुढे काजळ घालायला बसली.