थप्पीतली सर्वांत खालची गोधडी

मित्रांनो, माझ्या अंगाला थोडा वास येतो, तेव्हा बेताने जवळ या. मी एक जुनी गोधडी आहे, आत मेंढीची लोकर भरलेली. हल्ली मुक्काम थंड डोंगराळ मुलखात, नारीनकडच्या एका गावातल्या गोठ्यात आहे आणि खरे सांगते, मी मजेत आहे.

माझी मालकीण बूरुल. तिचे लग्न ठरले तेव्हा तिच्या आईने लोकर उन्हात पसरून छड्यांनी झोडपली, पिंजली आणि लाल-निळ्या तुकड्यांच्या खोळीत भरून मला शिवले. नव्या संसारातला पहिला पाहुणा माझ्यावरच निजला. "काय ऊब आहे हो!" असे तो म्हणाला आणि मी जी फुगले, ती बरीच वर्षे फुगलेलीच होते. आमच्यात भिंतीशी गोधड्यांची थप्पी रचतात. थप्पी जितकी उंच, तितकी घराची पत मोठी. बूरुलची थप्पी छताला टेकायला आली होती. मी सगळ्यांत जुनी, म्हणून सगळ्यांत खाली.

पुढे बूरुल बिश्केक शहरात मुलाच्या फ्लॅटमध्ये राहायला आली. तिथे थप्पी बाहेरच्या भिंतीला अगदी चिकटवून रचली गेली. खिडक्या नव्या, प्लास्टिकच्या, गच्च बसणाऱ्या. हिवाळ्यात त्या उघडतो कोण? आत दिवसभर चहाचे पाणी उकळायचे, दोऱ्यांवर ओले कपडे वाळायचे. ती सगळी वाफ शेवटी थंडगार भिंतीवर बसायची आणि भिंतीवरून माझ्या अंगात मुरायची. आधी मी नुसती ओलसर झाले. मग भिंतीवर बुरशीचे काळे ठिपके आले आणि हळूहळू माझ्या पाठीवर चढले. वरच्या गोधड्यांना याचा पत्ताच नव्हता. त्यांचे कौतुक चालू होते.

थप्पीच्या शेजारी बूरुलची चार वर्षांची नात सेझिम झोपायची. तिची छाती घरघरायची. जिना चढताना ती मध्येच पायरीवर बसून खोकायची. तिचा एकेक श्वास मला ऐकू यायचा, पण मला कुठले तोंड सांगायला!

तिची आई नुर्झात सासूला म्हणायची, "आपा, खिडकी उघडते जरा. कोंदट वास येतोय."

"उघड की. पोरीच्या छातीत वारं भरलं की बस मग तूच शेकत."

दवाखान्यात डॉक्टरने विचारले, "घरात ओल आहे का?"

बूरुलला रागच आला. "ओल? अहो, आमच्या घरात वारा शिरत नाही, तिथं ओल कुठून शिरणार?"

मग बर्फ वितळायच्या दिवसांत नुर्झातच्या माहेरची माणसे मुक्कामाला आली. व्याह्यांना अंथरूण कमी पडून कसे चालेल? थप्पी उतरत उतरत बूरुलचा हात कधी नव्हे तो माझ्यापर्यंत आला. तिने मला ओढले, तर मी भिंतीला चिकटलेली. सुटले तेव्हा मागचा रंगही माझ्याबरोबर निघाला. भिंत काळीकुट्ट होती.

विहीणबाईंनी नाकाला रुमाल लावला. "अगं बाई," त्या हळूच म्हणाल्या, "आणि आपली सेझिम इथंच झोपते?"

बूरुलने भिंतीकडे पाहिले, मग नातीच्या उशीकडे. व्याह्यांपुढे फजिती झाली याचेही तिला भान राहिले नाही. ती सुनेला म्हणाली, "मीच कोंडलं गं पोरीला. उघड खिडक्या. सगळ्या उघड."

कोंदट वास वरच्या गोधड्यांनाही लागला होता, म्हणून त्या रात्री व्याही शेजाऱ्यांच्या गोधड्यांवर झोपले. नंतर भिंत खरवडून चुना लावला, कपडे बाल्कनीत गेले, थप्पी ऊन खाऊन आतल्या भिंतीकडे हलली. मला मात्र दाराबाहेर ठेवले.

नुर्झात घुटमळली. "आपा, तुमच्या आईच्या हातची आहे ही."

"आईनं ऊब द्यायला शिवली होती. खोकला द्यायला नाही."

मला वाईट वाटले. पण तिचे बरोबर होते. बूरुलचा भाऊ मला गावी घेऊन आला. गोठ्यात चारी बाजूंनी वारा आहे, वर ऊन आहे, थंडीत मी गाईच्या पाठीवर असते. गाय तक्रार करत नाही.

मित्रांनो, आमच्यासारख्यांना भिंतीला चिकटवून विसरू नका. मधूनमधून हलवा, मागे डोकावा, ऊन दाखवा. थंडी असली तरी दिवसातून थोडा वेळ खिडकी उघडा. घरातल्या हवेलाही बाहेर जायचे असते.

परवा सेझिम सुट्टीला आली. फाटकापासून वासरामागे पळत सुटली ती थेट गोठ्यापर्यंत. मागून येणारी बूरुल जागच्या जागी थांबून कान देऊन ऐकू लागली. मीही ऐकत होते.

"दम घे जरा," आजी म्हणाली.

"कशाला?" म्हणाली आणि पोरगी पुन्हा पळाली.