हॅरो क्रीकची रडणारी भिंत

त्या शनिवारी हॅरो क्रीकच्या धक्क्यावर पाय ठेवायला जागा नव्हती. पार अटलांटापासून गाड्या आल्या होत्या. कुणाच्या हातात बरणी, कुणाकडे दुधाचा रिकामा कॅन. ओहोटीचं पाणी खाली गेलं होतं, चिखल उघडा पडला होता आणि खाडीकाठची पोलादी भिंत उन्हात ठणठणीत कोरडी उभी होती.

"समुद्र मागं हटलाय!" पांढऱ्या सुटातला प्रवचनकार ब्रदर टॅलमेज गरजला. "मग लोखंडाच्या डोळ्यांत पाणी येतं कुठून? सांगा की, शहाण्यांनो!"

भिंतीवर रंगवलेल्या क्रूसाखाली त्यानं टॉवेल दाबून धरला, डोळे मिटले, खांदे थरथरवले. टॉवेलखालून तांबडं पाणी ओघळू लागलं. "हालेलुया!" म्हणत बरण्या पुढे सरकल्या.

मागे उभी असलेली वर्डेल मात्र भिंतीच्या वरच्या कडेकडे बघत होती. लाकडी, काँक्रीटचे, पोलादी, सगळ्या तऱ्हेचे पाइल, म्हणजे पायाचे खांब, जमिनीत ठोकण्यात तिची एकतीस वर्षं गेली होती. ही भिंतही तिच्याच टोळीनं उभी केली होती. पन्हाळी पत्रे एकमेकांच्या खाचेत अडकवून एकेक करून खाली उतरवलेले. तेव्हा कड दोरीसारखी सरळ होती. आता ती मधोमध खाडीकडे चार बोटं फुगली होती. शिवाय मागचं पाणी निथळायला त्यांनी सात भोकं ठेवली होती. टॉवेल दाबायच्या आधी त्यातलं एकही ठिबकत नव्हतं.

तिची थोरली बहीण ओडेसा पायाच्या बोटावरची जखम त्या पाण्यानं धूत होती.

"ताई, इन्शुलिन घेतेस ना?"

"नऊ दिवस झाले सोडून. ब्रदर म्हणतो, सुई टोचणं म्हणजे देवावर अविश्वास."

"अगं, बोट काळं पडलंय!"

"तुला मेलीला लोखंडाशिवाय दिसलंय काय कधी?"

वर्डेलचा संशय मात्र फिटेना. भिंतीमागे वीस पावलांवर ओडेसाचं घर. कुंपणापाशी जमीन खचून घमेल्याएवढा खड्डा पडला होता आणि त्यात पाणी साचलं होतं. वर्डेलनं प्लंबर लोक गळती शोधायला वापरतात तो हिरवा रंग आणला आणि त्या रात्रीच्या भरतीला खड्ड्यात ओतला. रविवारी सकाळच्या भरतीला आणखी एक बाटली.

दुपारी ओहोटी लागली. टॅलमेजनं टॉवेल दाबला. "येशूचं रक्त!"

पाणी आलं ते हिरवंगार.

पुढे आलेल्या बरण्या मागे सरकल्या. मग एक म्हातारी म्हणाली, "ब्रदर, येशूच्या रक्ताला शेवाळ धरलं का?"

"सैतान आलाय गर्दीत!" टॅलमेज ओरडला.

"सैतान नाही, मी आलेय," म्हणत वर्डेल पुढे आली आणि तिनं टॉवेल ओढला. त्याच्या मुठीत लाकडाची खुंटी होती, ओली आणि निमुळती.

"भरतीचं पाणी सांध्यांतून मागच्या मातीत झिरपतं," ती लोकांना म्हणाली. "ओहोटीला खाडी भराभर उतरते, मातीतलं पाणी तसं उतरत नाही. अडकलेलं पाणी या भोकांतून बाहेर पडतं, वाटेत गंज घेऊन. ह्यानं सातही भोकं ठोकून बुजवली आणि प्रार्थनेला एक उघडतो. बाकीचं पाणी आत राहून भिंत ढकलतंय. कड बघा! भिंत गेली तर माझ्या बहिणीचं घर आधी जाईल."

कोळंबी पकडणारे दोघे चिखलात उतरले. त्यांनी पक्कडीनं उरलेल्या खुंट्या उपटल्या, तशा तांबड्या-हिरव्या धारा माणसाएवढ्या लांब उडाल्या. भिंत कण्हल्यासारखी करकरली. लोक मागे पळाले. सटकू पाहणाऱ्या टॅलमेजला गर्दीवर नजर ठेवायला आलेल्या शेरीफच्या पोलिसानं गाडीपाशी अडवलं.

ओडेसा जागची हलली नाही. "मी ते प्यालेय, वर्डी," ती हळूच म्हणाली.

"चल, दवाखान्यात."

बोट वाचलं नाही. डॉक्टर म्हणाली, आणखी आठवडा गेला असता तर पाय गेला असता. भिंतीला मागच्या जमिनीशी बांधून धरणारे नवे ताण-गज बसले.

पुढे चर्चमध्ये कुणीतरी ओडेसाला विचारलं, तुझी श्रद्धा गेली का?

"देव आहे तिथंच आहे," ती काठी टेकत म्हणाली. "पण कुणी चमत्कार दाखवला तर गुडघे टेकायच्या आधी भिंतीमागं जाऊन बघा. विचारा, तपासा. आणि तोवर औषध सोडू नका. मी विचारलं नाही, म्हणून बोट गमावलं."